सासूबाईंच्या पानाशेजारी

“मावशी, मी सांगलीची. नऊ वर्षं आयर्लंडमध्ये गॉलवेला आहे, नवरा आयरिश. त्याची आई, माझ्या सासूबाई, एप्रिलच्या शेवटी गेल्या. त्या आणि त्यांची दोन्ही मुलं स्वतःला पेगन म्हणवतात, म्हणजे ख्रिस्ती धर्माआधीचे देव आणि ऋतू मानणारे, वर्षाचे आठ सण पाळतात. आता नवरा आणि नणंद म्हणतात की ३१ ऑक्टोबरला साउइनच्या रात्री आईसाठी ‘मूक जेवण’ करायचं. म्हणजे एक रिकामी खुर्ची, त्यापुढे वाढलेलं पान, आणि जेवण संपेपर्यंत कुणी एक शब्द बोलायचा नाही. परंपरा पाच हजार वर्षांची आहे म्हणे. मी थोडं वाचलं, तर ती शंभर वर्षांचीही नसावी असं दिसलं. सासूबाईंची बहीण कॅथलिक, ती रागावली आहे. तिला २ नोव्हेंबरला चर्चमध्ये मिस्सा हवी. सांगलीहून आई फोनवर ओरडली, ‘रात्रीची कसली मेलेल्यांची पानं वाढता, घरात सहा वर्षांची पोर आहे!’ मी शाकाहारी, आणि सासूबाईंचं आवडतं जेवण बेकन-कोबी, वर गरम व्हिस्की. मी यात बसावं का? बसले तर काय रांधावं? आणखी एक. गेल्या सप्टेंबरात त्यांनी वेचलेल्या ब्लॅकबेरींची पिशवी फ्रीजरमध्ये तशीच आहे, तिला कुणी हात लावत नाही. माझे बाबा २०२१ मध्ये गेले तेव्हा मला जाता आलं नाही, सगळं मोबाइलवर पाहिलं. पण तो विषय वेगळा.
– सांगलीची लेक, गॉलवेची सून”

सांगलीच्या लेकी,

मावशी म्हटलंस, म्हणून सरळ अगंतुगं करते. मुख्य उत्तर आधी देऊन टाकते: बस. त्या टेबलाशी तुझी जागा घरच्या माणसाची आहे. बाकीचं सांगायला जरा वेळ लागेल, कारण तुझ्या पत्रात भांडणं तीन आहेत आणि चौथी गोष्ट तू ‘तो विषय वेगळा’ म्हणून दाराबाहेर उभी करून ठेवली आहेस. तिच्याकडे येतेच.

नवऱ्याचे पाच हजार कुठून आले असतील याचा मला अंदाज आहे. लेकीच्या बाळंतपणाला म्हणून मी लिमरिकला गेले होते, एका हिवाळ्याचे दोन झाले. तेव्हा जावयाने आम्हाला मीथ काउंटीत न्यूग्रेंजला नेलं होतं. इसवी सनापूर्वी ३२०० च्या सुमाराचं ते थडगं. आत जळलेली हाडं सापडली आहेत. दाराच्या वर एक झरोका आहे. वर्षातल्या सगळ्यांत लहान दिवसांत सूर्योदयाचा किरण त्यातून शिरतो, एकोणीस मीटर लांबीच्या अरुंद बोळातून सरकत आतल्या खोलीत पोचतो आणि सतरा मिनिटांत निघून जातो. प्राध्यापक मायकल ओ'केली यांनी २१ डिसेंबर १९६७ ला आत बसून तो पाहिला, तेव्हा जगाला त्याची खात्री पटली. आम्हाला वाटाड्याने विजेच्या दिव्याने त्या किरणाचं नाटक करून दाखवलं. नाटकच होतं, तरी माझ्या अंगावर काटा आला. टाराच्या टेकडीवर असंच एक जुनं थडगं आहे, ‘ओलिसांचं टेकाड’ म्हणतात. त्याची वाट नोव्हेंबरच्या आणि फेब्रुवारीच्या सुरुवातीच्या सूर्योदयाकडे तोंड करून आहे.

तेव्हा त्या बेटावर मेलेली माणसं आणि फिरते ऋतू यांची सांगड पाच हजार वर्षांची आहे, इथपर्यंत तुझा नवरा बरोबर. पण ती थडगी बांधणारे कोणती भाषा बोलत, हाडं ठेवताना काय म्हणत, हे कुणालाच ठाऊक नाही. साउइन हा शब्द त्यांच्यानंतर फार उशिरा आलेल्या भाषेतला. आजच्या आयरिशमध्ये नोव्हेंबर महिन्याचंच ते नाव आहे. (स्पेलिंग पाहून मी वर्षभर ‘समहेन’ म्हणत होते. जावई सभ्य, बोलला नाही.) मध्ययुगातल्या आयरिश कथांत साउइन जागोजागी येतो. उन्हाळी कुरणांतून गुरं खाली आणायची, राजाकडे मेजवानी, खंडणीची मुदत, आणि टेकड्यांखालच्या अद्भुत लोकांची दारं त्या रात्री उघडी पडतात. घरच्या गेलेल्या माणसाला बोलावून जेवू घालणं मात्र तिथे ठळकपणे भेटत नाही. ब्रिस्टलचे इतिहासकार रोनाल्ड हटन यांनी हे परखडपणे मांडलं आहे: ख्रिस्ती धर्म येण्यापूर्वी साउइन हा मृतांचा सण होता, याला पक्का पुरावा नाही. (हटन जन्माने उटीचे, म्हणजे आपल्या निलगिरीतले. उगाच सांगितलं.) मृतांची आठवण त्या दिवसांना घट्ट चिकटली ती बहुधा चर्चच्या सणांमुळे. १ नोव्हेंबरला सर्व संत, २ नोव्हेंबरला सर्व मृत. हा दुसरा दिवस क्लूनीच्या मठाचे प्रमुख ओदिलो यांनी इसवी सन १००० च्या आसपास घालून दिला.

आठ सणांचं चाक त्याहून पुष्कळ अलीकडचं. १९५० च्या दशकात इंग्लंडमध्ये जेराल्ड गार्डनर यांची विक्का या नव्या पेगन पंथाची मंडळी आणि त्यांचे ड्रुइड (जुन्या केल्टिक पुरोहितांचा वारसा सांगणारे) मित्र रॉस निकोल्स यांच्या भोवती ते जुळून आलं. सप्टेंबरातल्या समदिनाला (दिवस-रात्र सारखी असते त्या दिवसाला) ‘मेबन’ हे नाव तर १९७० च्या दशकात एका अमेरिकन माणसाने दिलं. आणि मूक जेवणाची कथा ऐकशील तर हसशील. इंग्लंड-अमेरिकेत पूर्वी लग्नाच्या वयाच्या मुली मध्यरात्री न बोलता, उलट्या पावलांनी चालत टेबल मांडायच्या, का तर भावी नवरा येऊन त्या खुर्चीत बसलेला दिसावा! नवरा शोधायच्या त्या खेळावर आता तुम्ही सासूबाईंना जेवायला बोलावणार आहात.

म्हणजे वाचलंस ते खरं वाचलंस. पण हे नवऱ्याला वाचून दाखवू नकोस. निदान या वर्षी नको. आई जाऊन सहा महिने झालेत, त्याला सनावळी कळली नाही तरी चालेल.

आणि नव्या रीतीत एक गोष्ट मला आपल्यापेक्षा बरी वाटते. माझ्या आईला गवार आवडायची नाही. जन्मभर ताटात बाजूला सारायची. ती गेल्यापासून दरवर्षी तिच्या म्हाळाला गवारीची भाजी होते, कारण ती ‘लागते’. एकदा मी भावजयीला म्हटलं, अगं, तिला फ्लॉवर आवडायचा, थोडा कर. ती म्हणाली, पितरांना चालत नाही. तिचं चुकलं नव्हतं, रीत तीच आहे. पण त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं की आई आता ‘पितर’ झाली, तिची आवडनिवड संपली. तुझ्या नणंदेच्या टेबलावर सासूबाई अजून सासूबाईच आहेत, बेकन खाणाऱ्या, व्हिस्कीत लवंग घालणाऱ्या. वर्षाच्या आत एवढं पुरे.

आता आईचं. तिचं ओरडणं नुसतं घाबरटपणाचं समजू नकोस. आपल्याकडे श्राद्ध दुपारचं, सूर्य डोक्यावरून कलल्यावरचं. रात्री ते करत नाहीत, आणि हे तिने लहानपणापासून ऐकलेलं. तिला सांग की तिकडे दिवसच सूर्यास्ताला सुरू होतो. आयरिशांचे भाषाभाऊबंद, प्राचीन फ्रान्समधले गॉल लोक काळ मोजताना दिवस मोजत नाहीत, रात्री मोजतात, असं ज्युलियस सीझरने लिहून ठेवलं आहे. ३१ तारखेला तुमच्याकडे सव्वापाचच्या आत सूर्य बुडतो. जुन्या हिशोबाने तुम्ही जेवायला बसाल ती वेळ हिवाळ्याच्या पहिल्या दिवसाची सुरुवात. आणि पेगन म्हणजे भूतपूजक नव्हे हेही सांग. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ खेड्यातला माणूस, इतकाच.

यमाची एक गोष्ट आहे, ती आईला नक्की आवडेल. वेदांत यम हा मरण पावलेला पहिला माणूस. तो गेला, त्याने पुढच्यांसाठी वाट शोधली, म्हणून तो पितरांचा राजा आणि त्याची दिशा दक्षिण. आयरिश कथेत डॉन नावाचा एक आहे (सिनेमातला नव्हे). बेटावर वस्ती करायला आलेल्या भावांपैकी हा किनाऱ्याजवळ बुडून मेला. त्याचं घर म्हणजे नैर्ऋत्येच्या समुद्रातला एक खडक, बेआरा द्वीपकल्पाच्या टोकाजवळचा, आरपार भोक असलेला. मेलेले सगळे त्या घरी जमतात, अशी समजूत. गॉलवेहून पाहिलं तर तो खडक दक्षिणेला, किंचित पश्चिमेकडे. म्हणजे स्वयंपाकघराच्या दक्षिणेकडच्या खिडकीत एक दिवा ठेवलास की दोन्हीकडचं भागतं. धनत्रयोदशीला यमदीपाचं तोंडही तिकडेच असतं, आईला वेगळं समजावावं लागणार नाही. २०२४ मध्ये तर नरकचतुर्दशी ३१ ऑक्टोबरलाच आली होती. तेव्हा तू दोन्ही दिवे लावलेच असशील.

मावशीसासूबाईंचा राग मला सगळ्यांत सोपा वाटतो, कारण तुझ्या नणंदेला जे करायचंय ते कॅथलिक आयर्लंडने पिढ्यान्‌पिढ्या केलं आहे. मृतांच्या रात्री झोपताना चुलीतला विस्तव विझू द्यायचा नाही, दाराला कडी घालायची नाही, खुर्च्या शेकोटीकडे तोंड करून मांडायच्या, भांडंभर पाणी ठेवायचं. घरातली गेलेली माणसं येऊन शेकून जातात. लिमरिकला आमच्या शेजारच्या आजी २ नोव्हेंबरला संध्याकाळी खिडकीत मेणबत्त्या लावायच्या, एकेका नावाची एकेक. सात होत्या. पहिल्या वर्षी मी विचारलं, आज काही सण आहे का? त्यांनी एकेका मेणबत्तीकडे बोट दाखवून नावं सांगितली, आणि सातव्याला थांबल्या. तो मुलगा चार दिवसांचा गेला होता. त्या बाई रोज चर्चला जाणाऱ्या. त्यांना कुणी पेगन म्हटलं असतं तर झाडू घेऊन धावल्या असत्या.

तेव्हा तू असं कर. २ तारखेची मिस्सा तू स्वतः त्यांच्याबरोबर जाऊन ऐक, मुलीला घेऊन. नवरा-नणंदेला ओढू नकोस. आपल्याकडे वसईला, गोव्याला त्या दिवशी लोक कबरींवर फुलं आणि मेणबत्त्या घेऊन जातात ते तू पाहिलं असशील, परकं वाटणार नाही. आणि मावशींना ३१ च्या जेवणाला बोलाव, पण साउइन हा शब्द उच्चारू नकोस. म्हण, ‘तिच्या नावाची मेणबत्ती तुम्ही लावा, तुम्ही तिला सगळ्यांत आधीपासून ओळखता.’ आल्या तर आल्या.

आता प्रत्यक्ष रात्रीचं. तुम्ही एक गोष्ट विसरला आहात. ३१ ऑक्टोबरला, म्हणजे हॅलोविनला, संध्याकाळी तुमच्या दाराची घंटा दर पाच मिनिटांनी वाजणार. सांगाडे, चेटकिणी, कोपऱ्यावरचा एखादा छोटा ड्रॅक्युला, सगळे चॉकलेट मागायला. शिवाय फटाके, त्यांची विक्री तिकडे बेकायदा, पण फुटायचे राहत नाहीत. आणि तुमची स्वतःची चेटकीण गल्लीत फिरायला जाणार असेलच, तिला अडवू नका. तेव्हा जेवण साडेआठनंतर ठेवा. किंवा ७ नोव्हेंबरच्या आसपास करा. समदिन आणि सर्वांत लहान दिवस यांच्या बरोबर मध्यावर सूर्य येतो तो दिवस तोच, आणि कित्येक पेगन साउइन तेव्हाच पाळतात. नणंदेला ही सूचना तू केलीस तर तिला बरं वाटेल. वहिनीने मन लावून वाचलंय, हे कळेल.

सहा वर्षांचं मूल तासभर गप्प बसत नाही, बसवूही नका. एक लहान मेणबत्ती तिच्यासमोर ठेवा, ती विझेपर्यंतच मौन. वाढदिवसाच्या केकवरची असते तेवढी. ती विझली की पोरीने बोलावं, आजीबद्दल काहीही. उरलेलं जेवण बोलत जेवा. मौन मोडलं म्हणून नणंदेचा चेहरा पडला, तर मोठी माणसं नंतर पुन्हा बसा. मुलीला आधी एवढंच सांगा की आजी येणार नाही, आपण तिची आठवण काढायला तिचं पान मांडतोय. ‘आजी येऊन बसेल’ असं सांगाल तर ती पोर रात्रभर खुर्चीकडे बघत बसेल.

बेकन-कोबी नणंदेने करावी. त्यात तुझा हात लागायलाच हवा असं कुणी म्हणणार नाही, आणि तू नाक मुरडून केलेलं बेकन सासूबाईंनाही गोड लागलं नसतं. त्या तुझ्या हातचं काय मागून खायच्या? ते रांध. पत्रात तू लिहिलं नाहीस, पण आयरिश बाई आणि सांगलीची सून म्हटल्यावर मी पैज लावते की बटाट्याची पिवळी भाजी. तेच असेल तर हिरवी मिरची त्यांना चालायची तेवढीच घाल, दयेपोटी कमी करू नकोस. सणाचं म्हणून कोलकॅनन कर, उकडलेला बटाटा कुस्करून त्यात केलची (ही एक पालेभाजी) पानं नाहीतर कोबी, मध्ये लोण्याचं तळं. तुलाही चालतं ते. बार्मब्रॅक दुकानातून आणा. मनुका घातलेला हा पाव साउइनचा. त्यात अंगठी असते, ज्याच्या तुकड्यात निघेल त्याचं वर्षाच्या आत लग्न. मुलगी खाताना लक्ष ठेव, अंगठी गिळायला वेळ लागत नाही. व्हिस्की नवऱ्याने ओतावी, तुला शिवायचीही गरज नाही.

पान सगळ्यांत आधी सासूबाईंचं वाढायचं. नंतर त्या पानाचं काय करायचं हे आधीच ठरवा, नाहीतर रात्री अकरा वाजता तुम्ही तिघं बेसिनपाशी ते ताट घेऊन रडत उभे राहाल. पुष्कळ जण ते बागेत झाडाखाली ठेवतात. ठेवा, पण बार्मब्रॅकचा तुकडा काढून घ्या. मनुका कुत्र्याला विष आहे, आणि शेजारच्यांचं कुत्रं तुमच्या कुंपणातून येतच असेल. आणि सकाळी कावळ्याची वाट बघत खिडकीशी उभी राहू नकोस. तुझे डोळे आपोआप तिकडे जातील हे मला ठाऊक आहे, पण आयरिश कथांतला कावळा म्हणजे रणांगणावर घिरट्या घालणारी बाव, युद्धाची देवी. ‘आई आली बघ’ असं तू कावळ्याकडे पाहून म्हणालीस तर नणंद दचकेल.

आता बाबा. तीन भांडणं, एक बेकन, एक पिशवी असं सगळं सविस्तर लिहिलंस आणि बाबांना एक ओळ दिलीस, तीही शेवटची. भाऊ दरवर्षी म्हाळ घालत असेल, फोटो पाठवत असेल, आणि तू गॉलवेच्या कचेरीत दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत ते फोटो बघत असशील. पाच मिनिटांच्या वर तुला त्या दिवसातलं काही मिळत नसणार. चुकत असेन तर सोडून दे.

नसेन चुकत, तर सासूबाईंच्या पानाशेजारी बाबांचं पान मांड. मात्र आधी विचार. हे जेवण नवऱ्याच्या आईचं आहे, पहिल्या वर्षाचं आहे, आणि एखाद्याला ती खुर्ची एकटीच हवी असते. नवऱ्याला विचार, नणंदेला वेगळं विचार, आणि तिचा चेहरा बघ. ती नाही म्हणाली तर रागावू नकोस. दक्षिणेच्या खिडकीतल्या दिव्याशेजारी बाबांची वाटी ठेव, ती कुणाच्या परवानगीची नाही. पण मला वाटतं ती हो म्हणेल. मूक जेवणात घरातले सगळे गेलेले बोलावण्याचीच रीत आहे, आणि तुमच्या लेकीची गेलेली माणसं दोन्हीकडची आहेत.

याला श्राद्ध म्हणू नकोस. श्राद्ध भाऊ घालतोय, ते तिथे चाललंय, त्याची नक्कल इथे नको. ब्राह्मण नाही, दर्भ नाही, गवार तर नाहीच. बाबांना आवडायचं ते ठेव. तुमच्या सांगलीचं भडंग ठेव, आईकडून येणाऱ्या डब्यात असेलच, लसणीचा वास सगळ्या घराला लागलेला. तेवढं मात्र लक्षात ठेव की मौनात भडंग चावलं तर टेबलभर कुरकुर ऐकू येते. तुझ्या लेकीला पहिलं हसू तिथेच फुटेल. फुटू दे.

२०२१ मध्ये तू मोबाइलवर पाहिलंस, ते पाहणं होतं. रडणं राहिलं असेल. मूक जेवणात ते येईल, आणि नवऱ्याला वाटेल की तू त्याच्या आईसाठी रडते आहेस. वाटू दे. दोघांसाठी रडायला एकाच रात्री बसलीस तर हिशोब कोण ठेवतंय?

एका रात्रीवर सगळं ओझं टाकू नका, एवढं नणंदेला जरूर सांग. तुमच्या चाकातले दुसरे सण आहेत ना. १ ऑगस्टच्या लूनसाची कथा तिला ठाऊक असेल, तुला सांगते. लू नावाच्या देवाची पालक-आई टाल्त्यू. तिने शेतीसाठी रान तोडून माळ मोकळा केला आणि त्या कष्टाने ती मेली. लूने तिच्या स्मरणार्थ जत्रा भरवली, त्यात शर्यती, घोडे, कुस्त्या. मीथमधल्या टेल्टाउनला ती जागा दाखवतात. म्हणजे सुगीच्या सणाच्या मुळाशी एका आईचा शोक आहे, तोही सख्ख्या आईचा नाही, वाढवणाऱ्या आईचा. ही पोथीतली गोष्ट आहे, १९५० ची नव्हे, नवऱ्याला बिनधास्त सांग. जुलैच्या शेवटच्या रविवारी लोक डोंगरावर रानबेऱ्या वेचायला जायचे, ते तुम्ही करू शकता. सासूबाई वेचणाऱ्याच होत्या.

आणि १ फेब्रुवारीला ब्रिजिडचा दिवस, २०२३ पासून त्याची सार्वजनिक सुट्टीही असते, सहसा फेब्रुवारीच्या पहिल्या सोमवारी. आदल्या रात्री कापडाचा तुकडा बाहेर झुडपावर टाकून ठेवतात. ब्रिजिड रात्री त्यावरून जाते, मग ते कापड वर्षभर डोकं दुखलं, घसा धरला की गुंडाळतात. सासूबाईंचा एखादा स्कार्फ असेल तर तो टाका. जुन्या कथेत हिच्याच नावाच्या देवीचा मुलगा लढाईत पडला तेव्हा तिने हंबरडा फोडला, आणि आयर्लंडात मोठ्याने रडणं ऐकू आलं ते तेव्हा पहिल्यांदा, असं म्हणतात. मग एप्रिल येईलच. वर्ष भरेल, बेल्टेनच्या, म्हणजे १ मेच्या सणाच्या, उंबरठ्यावर. त्या दिवशी काय करायचं ते तेव्हा ठरवा.

उरली पिशवी. साउइननंतर ब्लॅकबेरी तोडू नये, पूका नावाचं खोडकर भूत त्यांवर थुंकतं, असं तिकडे मुलांना सांगतात. तुमच्या सप्टेंबरातल्या, त्यामुळे त्या शुद्ध. पण ती पिशवी एकटीने उघडू नकोस, आणि नवऱ्याने किंवा नणंदेने एकट्याने उघडलेलीही नको. जेवणाच्या दिवशी सकाळी तिघं ओट्याशी उभे राहा. अर्धी पिशवी वापरा, अर्धी परत फ्रीजरमध्ये. पुढच्या वर्षी काय वाटेल ते आज ठरवायला नको. मुरंब्याला बेरींच्या वजनाइतकी साखर आणि एक आंबट सफरचंद किसून घाल, नाहीतर तो धरत नाही. सासूबाईंची कृती नणंदेला येत असेल तर माझी सोडून दे आणि तिचं ऐक. चमचा लेकीच्या हातात द्या.

आदल्या रात्री झोपताना पिशवी फ्रीजरमधून काढून फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेव, आणि तिच्याखाली खोलगट बशी ठेवायला विसरू नकोस. रस गळतो.

– मावशी